शेवटचा बाहेर येईपर्यंत

मला ज्यांनी पोहायला शिकवलं, त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ते शेवटपर्यंत पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधूनच पाण्यात उतरले. नालासोपाऱ्याला पूर्वेकडे आचोळ्यात आमची इमारत होती. पश्चिमेला गासमध्ये एका वाडीत बावखल होतं, म्हणजे झाडांना पाणी देण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आणि या दोन ठिकाणांच्या मध्ये दर रविवारी सकाळी सायकली हाणत जाणारे आम्ही सात-आठ संसारी पुरुष. नव्वद सालानंतरची ती मधली काही वर्षं. मला शिकवणाऱ्यांना जाऊनही आता बराच काळ झाला. मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. तरी अजून बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली की मी हातातलं काम टाकून उठतो. त्याचं कारण सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्यात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'मास्तर' म्हटलं तर ते मागे वळून बघत, आपल्या मागे कोणी उभं आहे की काय. शेवटी सुर्व्यांनी त्यांना 'मॉनिटर' म्हणायला सुरुवात केली. सुर्वे पोस्टात होते. अंगाने भरलेले आणि जिभेने मोकळे.

"मॉनिटरला वर्गात जास्त येतं असं कुठंय?" सुर्वे म्हणाले. "त्याला फक्त सगळ्यांच्या आधी उभं राहावं लागतं."

मॉनिटरनी यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "हे बसतं. चालेल."

माझी त्यांची पहिली भेट भांडणाने व्हायची होती, पण ते भांडण झालंच नाही. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून होते. गोरेगावच्या एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळायचे. मी नुकताच परळच्या चाळीतून लग्न करून तिथे राहायला आलो होतो आणि नव्या फ्लॅटचा मला फार अभिमान होता. एके सकाळी नळाला पाणी नाही. खाली फळ्यावर सूचना होती: 'मोटर जळाली आहे. बंद करायची पाळी माझी होती. मी विसरलो. उद्या संध्याकाळपर्यंत टँकरवर भागवावं. रागावण्यासाठी मी आज साडेआठनंतर घरी आहे.' खाली सही.

मी साडेआठला त्यांच्याकडे गेलो. दारासमोरच्या पॅसेजमध्ये त्यांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एका खुर्चीवर ते स्वतः बसले होते, हात मांडीवर ठेवून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे.

"या, तुम्ही पहिले," ते म्हणाले. "बाकीचे फळा वाचूनच परत गेले वाटतं."

मी काय बोलायला आलो होतो तेच विसरलो. चूक आधीच कबूल केलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." ते म्हणाले, "नाही, होऊ नये. पण झालं." आतून वहिनींचा आवाज आला, "झालं का भांडून? मग खुर्च्या आत घ्या, मला केर काढायचाय."

पोहण्याची सुरुवातही पाण्याच्या टंचाईतूनच झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे आंघोळीची बादली अर्धी व्हायची. गासच्या एका वाडीत केळी आणि पानवेली लावणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे 'बाय' म्हणत. मॉनिटर त्यांच्याकडून केळी घ्यायचे. एका रविवारी त्यांनी विचारलं, बावखलाच्या पायरीवर बसून चार तांबे अंगावर घेऊ का? बाय म्हणाली, "घ्या की. साबन नाय लावायचा पन. माज्या पानांना चालत नाय."

ते पायरीवर बसून आंघोळ करत, समोरच्या पाण्याकडे बघत बसत. दोन-तीन रविवार असे गेल्यावर त्यांनी बायला विचारलं, "आत उतरलो तर?"

"पोवाया येतंय?"

"नाही."

"मग कशाला उतरायचं?"

"येत नाही म्हणूनच."

बायने कमरेवर हात ठेवून त्यांना नीट न्याहाळलं. "पानी काय कोनाच्या ओळकीचं नसतंय हां," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारली. तिच्या नवऱ्याने जुना तेलाचा डबा काथ्याने त्यांच्या पाठीला बांधला, पाय कसे मारायचे ते एकदा दाखवलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला. आमच्या सगळ्या शिक्षणाला बाहेरचा मास्तर मिळाला तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना आली: 'मी पोहायला शिकत आहे. मला भीती वाटते. सोबत हवी आहे.'

मी तोवर बऱ्याच सूचना वाचल्या होत्या. 'इच्छुकांनी संपर्क साधावा' असं असतं सूचनेत. 'मला भीती वाटते' असं फळ्यावर खडूने लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला स्वतःला पाण्याची मनापासून भीती होती आणि ती मी बायकोलाही सांगितली नव्हती. रविवारी मी खाली उतरलो तेव्हा सुर्वे आणि आणखी दोघे आधीच उभे होते, प्रत्येकाच्या हातात रिकामा डबा.

त्या डब्यांनी एकदा फजिती केली. सायकलीला डबे अडकवून आमची ओळ पुलावरून पश्चिमेला उतरली. बाजारात एका बाईने सुर्व्यांना विचारलं, "भाऊ, रॉकेल कुठं मिळतंय?" सुर्वे म्हणाले, "गासला, बावखलात." बाईला ते खरं वाटलं की काय कोण जाणे. वाडीच्या फाटकाशी आम्ही मागे वळून पाहिलं, तर डबे घेतलेली पंधरा-वीस माणसं मागून येत होती. मॉनिटर सायकल लावून त्यांच्याकडे गेले आणि प्रत्येकाला हात जोडून सांगत सुटले, "चूक आमची. आम्ही पोहायला चाललो आहोत." एक म्हातारे भयंकर चिडले. मॉनिटरनी त्यांना बायकडून केळ्यांची फणी घेऊन दिली आणि सुर्व्यांना म्हणाले, "तू बोललास, पण मी ऐकून हसलो होतो. म्हणजे अर्धी माझी."

पाण्यात उतरण्याआधी पायरीवर बसून प्रत्येकाने आज कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं, ही त्यांची पद्धत होती. पहिले ते स्वतः सांगत. "आज मला पायाखालच्या गाळाची भीती वाटते." पुढच्या रविवारी, "आज काथ्या सुटेल असं वाटतंय." कधी पाण्याशी संबंध नसलेलं काहीतरी. एकदा म्हणाले, "मुलीचा निकाल आहे उद्या." मग आमची पाळी. सुर्वे पहिल्या दिवशी म्हणाले, "मला बायको मागून येईल याची भीती वाटते." सगळे हसले. पण तीन-चार रविवारांनी तेच सुर्वे खाली बघत म्हणाले, "नाकात पाणी गेलं की मला माझा भाऊ आठवतो." त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत गेला होता, हे त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहून आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मॉनिटर सुर्व्यांच्या बाजूला उतरले.

मग साखळी. उथळ पाण्यात आम्ही एका ओळीत उभे राहून एकमेकांची मनगटं धरायची. "बोटं नाही, मनगट. बोटं सुटतात." एक टोक बायने नाहीतर तिच्या नवऱ्याने काठावरचं जांभळीचं खोड धरून पकडायचं, दुसऱ्या टोकाला मॉनिटर, पार गळ्याइतक्या पाण्यात. अशी साखळी आत न्यायची, बाहेर आणायची. दर रविवारी. पन्नाशीची माणसं ही कवायत करताना बघून वाडीतले गडी तोंड वळवून हसायचे. आम्हालाही हसू यायचं.

काल जे जमलं ते आज दुसऱ्याला दाखवायचं, हेही त्यांचंच. मला तोंड पाण्यात बुडवून श्वास सोडणं जमलं, त्याच सकाळी त्यांनी मला सुर्व्यांपुढे उभं केलं. मी म्हटलं, "मी काय शिकवणार? मला आत्ता आलंय."

"म्हणूनच," ते म्हणाले. "दहा वर्षांपूर्वी आलेल्याला भीती कशी असते ते आठवत नाही. तुझी अजून ओली आहे."

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगतो आहे. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत कोणी अंग पुसायचं नाही. बाहेर आलात तर या, पण टॉवेलला हात लावायचा नाही. पायरीवर ओलेत्याने उभं राहायचं. डिसेंबरात दात वाजायचे. त्यामुळे काठावरचा प्रत्येक जण पाण्यातल्या शेवटच्या माणसाकडे बघत असायचा, आणि सुर्वे ओरडायचे, "अरे ये रे बाबा, इकडे कुल्फी झाली."

बुधवारी संध्याकाळी कामावरून परतल्यावर मॉनिटर आमच्या प्रत्येकाच्या दारी यायचे. आत यायचे नाहीत. चहा घ्यायचे नाहीत, "एकाकडे घेतला तर सगळ्यांकडे घ्यावा लागेल." बेल वाजवायची, दार उघडलं की विचारायचं, "आहेस ना?" आपण म्हणायचं, "आहे." की निघाले. माझी बायको सुरुवातीला चकित व्हायची. "एवढंच विचारायला चार जिने?" मी एकदा त्यांना बुधवारच का म्हणून विचारलं. म्हणाले, "दोन रविवारांच्या मध्ये बुधवार असतो. पूल नेहमी मध्येच खचतो."

दुसरा उन्हाळा सरेपर्यंत आम्हा सगळ्यांचे डबे सुटले. माझा सर्वांत आधी. मॉनिटरचा मात्र सुटेना. ते माणदेशातले. "आमच्याकडे पाण्यात बुडून कोणी मरत नाही, पाण्यावाचून मरतात," असं म्हणायचे. डबा काढला की त्यांचं अंग दगडासारखं व्हायचं. आम्ही एकेक करून त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ते तळाला पाय टेकून उभे राहायचे, तोंडावरचं पाणी निपटायचे आणि म्हणायचे, "नाही जमलं. बांधा." त्यांना त्याची लाज वाटताना मी कधी पाहिलं नाही. मला मात्र वाटू लागली होती. आपल्या पुढे चालणाऱ्याच्या पाठीला डबा, हे मला आता खुपायला लागलं होतं.

त्याच सुमारास आमच्या इमारतीत राणे राहायला आले. बँकेत अधिकारी, मूळचे मालवणचे. पहिल्याच रविवारी ते वरच्या दगडावरून सूर मारून आत गेले आणि पलीकडच्या काठाला निघाले. आम्ही बघतच राहिलो. माणूस सज्जन, शिकवण्याची हौस असलेला. काही दिवसांनी ते म्हणाले, "मी शिकवू का तुम्हाला नीट? असं भीती-भीती बोलत बसलात तर ती वाढते. आणि ती साखळी कशाला? शाळा आहे का?"

तेव्हा मी बोललो. मी म्हटलं, "राणेसाहेबांचं बरोबर आहे. ज्याला येतं त्यानेच शिकवावं."

हे वाक्य मी नंतर मनातल्या मनात किती वेळा उच्चारलं असेल. त्यात खोटं काही नाही, तरी ते मला अजून बोचतं, कारण मी ते मॉनिटरकडे न बघता बोललो होतो.

मॉनिटर म्हणाले, "खरं आहे. मला येतच नाही." आणि पायरीवरची आपली वरची जागा राणेंना देऊन ते आमच्या ओळीत, अगदी शेवटी, डबा बांधून बसले. चेहऱ्यावर रुसवा नाही की त्याग केल्याचा भाव नाही. राणेंनी सांगितलेलं ते सगळ्यांत मन लावून ऐकत.

राणेंकडून आम्ही खरोखर पुष्कळ शिकलो. हात कसा टाकायचा, श्वास कुठल्या बाजूला घ्यायचा. पण हळूहळू आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. ज्याला जमलं तो पुढे, न जमलेला गप्प. ज्याचं पोहून झालं तो अंग पुसून सायकलवर बसायचा. सुर्वे दोन रविवार आले नाहीत तर राणेंच्या ध्यानातही आलं नाही. बुधवारची बेल मात्र चालू होती. मी "आहे" म्हणायचो, पण दार पुरतं न उघडता.

दिवाळी झाल्यानंतरचा रविवार. राणे म्हणाले, आज बावखल ओलांडायचं. मला विचारलं, "तुम्ही खोल पाण्यावरून गेला आहात ना?"

मी काठाकाठाने पोहायचो. मधल्या काळ्या पाण्यावर मी कधीच गेलो नव्हतो. तिथे तळ दिसत नसे आणि तेवढ्यानेच मी मागे वळायचो. पूर्वीच्या पद्धतीने पायरीवर बसलो असतो तर कदाचित हे तोंडातून गेलं असतं. मी म्हटलं, "गेलोय की. दोनदा."

मॉनिटरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. पण आता मॉनिटर ते नव्हते.

राणे पुढे गेले, पलीकडे पोचले. मी निघालो. मध्यापर्यंतही गेलो नसेन. पायाला काहीतरी गुळगुळीत गुंडाळलं गेलं, कमळाचा देठ असेल नाहीतर शेवाळ. मी खाली पाहिलं आणि खाली काहीच नव्हतं. त्यानंतर जे शिकलो होतो त्यातलं काही उरलं नाही. पाणी तोंडात, नाकात. एकदा वर आलो तेव्हा ऐकू आलं, "साखळी."

मॉनिटरचा आवाज. ओरडणं असं नव्हतं ते, वर्गात हजेरी घेतल्यासारखं होतं. दर रविवारी केलेली गोष्ट माणसं विसरत नाहीत. विचार न करता सगळ्यांनी मनगटं धरली. बायने हातातला विळा टाकला आणि एका हाताने जांभळीचं खोड, दुसऱ्या हाताने सुर्व्यांचं मनगट पकडलं. सात माणसं आत आली. टोकाला मॉनिटर, पाठीला डबा, पाय तळापासून सुटलेले. तरी माझ्यापर्यंत हात पोचेना. तेव्हा ते उताणे झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाय पसरला.

"पाय धर माझा," ते म्हणाले. "घोटा. बोटं नको."

मी धरला. पलीकडून आलेल्या राणेंनी मागून मला उचललं. बाय खोडाला ओढत म्हणाली, "वढा रे, वढा, सोडू नका कोन." आणि सगळी ओळ माझ्यासकट पायरीशी आली.

मी पाणी ओकलो. कोणी पाठ चोळत होतं. डोळे उघडले तर समोर मॉनिटर, धापा टाकत, डबा एका बाजूला सरकलेला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. ते खोल पाण्याला किती भीत होते हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मी त्यांना काय म्हणालो असेन?

"तुम्हाला स्वतःला येत नाही. कशाला मध्ये आलात?"

ते म्हणाले, "खरं आहे."

मी कपडे उचलले, ओल्या अंगावरच चढवले आणि सायकलवर बसून निघालो. मागे बाकीचे अजून गुडघाभर पाण्यात उभे होते. काहींनी एकमेकांची मनगटंही सोडली नव्हती.

त्यानंतर मी गेलो नाही. बुधवारी बेल वाजली की मी आतल्या खोलीत जायचो. बायको दार उघडून सांगायची, "बाहेर गेलेत," "झोपलेत," "पाव आणायला गेलेत." ते म्हणायचे, "बरं. येऊन गेलो म्हणून सांगा." आणि जिना उतरताना खोकायचे. आधी शिंका, मग खोकला. जानेवारीत तर तो खोकला दुसऱ्या मजल्यावरूनच कळायचा. मला वाटायचं, थंडी आहे, होतो खोकला. लोकांच्या कामावर जायच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या. जिन्यात कोणी भेटू नये म्हणून मी आधीच्या गाडीला जायला लागलो. मला हे बावखल सुटल्याचं दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. ज्यांनी मला बुडताना पाहिलं आणि त्यानंतर उपकाराला शिवी देताना ऐकलं त्या माणसांसमोर पुन्हा उघड्या अंगाने बसता येईल का, एवढाच प्रश्न होता. मला येईल असं वाटत नव्हतं.

होळीच्या आधीच्या बुधवारी बेल वाजली आणि बायको उठली नाही.

"मी आता खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. "खोकतायत ते. चार जिने चढून येतात आणि मी त्यांना तोंडावर सांगते की तुम्ही पाव आणायला गेलात. एवढा पाव कोण खातं?"

ती स्वयंपाकघरात गेली. मी दाराशी गेलो, पण कडी काढली नाही. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"आहेस ना?"

मी कडीवर नुसता हात ठेवला.

मग ते दाराला म्हणाले, तसंच, पायरीवर बसल्यासारखं, "आज मला भीती वाटत होती की तू दार उघडणार नाहीस." थांबले. खोकले. "झालं माझं. आता तुझी पाळी."

मग जिना उतरल्याचा आवाज. एक मजला. मी कडी काढली आणि कठड्यावरून खाली वाकलो. ते वर बघत उभे होते, जसं काही मी तिथे येणार हे ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, "मला पाण्याची नाही, तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते."

शेजारचं दार किंचित उघडलं होतं. मला पर्वा राहिली नव्हती.

"बरं," मॉनिटर म्हणाले. "रविवारी हेच त्यांच्यासमोर बोल. आणि येताना टॉवेल आण. मी माझा आणत नाही हल्ली."

त्या रविवारी मी जुना डबा माळ्यावरून काढला आणि सायकलला अडकवला. वाडीत शिरलो तर बाय पानं खुडत होती. तिने मान वर केली.

"आलास का रे? बरं झालं. आता ह्या मान्साला अंग पुसाया सांग."

मला कळलं नाही. सुर्व्यांकडे पाहिलं. सुर्वे नेहमीसारखे हसले नाहीत.

"तू गेलास त्या दिवसापासून त्यांनी टॉवेल लावला नाही अंगाला," ते म्हणाले. "आम्ही म्हटलं, मॉनिटर, तो बाहेर आला की. सायकलवर बसून गेला. तर म्हणे, तो पळाला, बाहेर कुठे आलाय? सगळी थंडी ओलेत्याने सायकल मारत घरी. वहिनी मला शिव्या घालतात."

"मी सांगून दमले," बाय म्हणाली. "ताप आला तरी वलाच जायचा. डोकं फिरलंय म्हनलं."

मॉनिटर डब्याच्या काथ्याची गाठ आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि रडायला तिथे जागा नव्हती. सगळे पायरीवर बसले होते आणि वरच्या पायरीवर कोणीच नव्हतं. राणे आमच्या ओळीत होते. मी आल्यावर त्यांनी सरकून जागा दिली.

भीती सांगायला मॉनिटरनी सुरुवात केली. "आज मला काही खास नाही. थोडी गाळाची. नेहमीचीच." मग राणे, मालवणचा तो सुरेख पोहणारा माणूस, म्हणाले, "तुमच्यातलं कोणी बुडेल आणि मी पलीकडच्या काठावर असेन, याची."

माझी पाळी आली. मी जिन्यात बोललो होतो तेच बोललो. त्या दिवशी मॉनिटरना जे बोललो त्याबद्दलही बोललो. कोणी समजूत काढली नाही. सुर्वे म्हणाले, "तोंडाकडे बघायची भीती तर आम्हालाही वाटते. आरशात बघ एकदा." मग आम्ही मनगटं धरली.

मी डबा बांधून उतरलो, मॉनिटरच्या बाजूला. बराच वेळ पाण्यात राहिलो. मधलं काळं पाणी त्या दिवशीही ओलांडलं नाही. ते जमायला पुढचा पावसाळा जावा लागला. वळून पाहिलं तर सगळे बाहेर आले होते. ऊन चांगलं चढलं होतं, तरी पायरीवर सगळे तसेच उभे होते, ओल्या अंगाने, माझ्याकडे बघत. टॉवेलला कोणाचा हात नव्हता.

मी बाहेर आलो. पायरीवर ठेवलेला माझा टॉवेल मॉनिटरनी उचलला, न विचारता. आधी केस पुसले, मग कान, मग मान, अगदी सावकाश, बऱ्याच दिवसांनी एखादी आवडती गोष्ट हातात यावी तसे. मग तो ओला टॉवेल माझ्या हातात दिला.

"घे," ते म्हणाले. "आता सगळे आले."